तिला कळेल अशा भाषेत

आमच्या घरात मुलीचं वजन वाढलं की मोठ्यांचे चेहरे पडायचे. इतरांकडे उलटं असतं, हे मला ठाऊक आहे. समोरच्या दारातली बाई आपल्या लेकाला दवाखान्यातून आणते ती जिन्यातच सांगत येते, भरलंय हो वजन, छान भरलंय. आम्ही मात्र काट्यावरचा आकडा ऐकून एकमेकांकडे बघायचो, आणि माझा नवरा उगाच घसा खाकरायचा.

गब्दू जन्मली तीच भरल्या अंगाची. जीभ ओठांबाहेर आलेली, कानाच्या पाळीवर नखाने ओढावी तशी बारीक रेघ. सिस्टर म्हणाली, "हिला काय थेट शाळेतच घालायची का?" आम्ही सगळे हसलो. दुसऱ्या सकाळी तिच्या रक्तातली साखर एवढी उतरली की तिला माझ्या कुशीतून उचलून काचेच्या पेटीत ठेवलं, आणि नंतर बरेच दिवस कोणी हसलं नाही.

तिचा आजार अतिवाढीचा. हजारो बाळांत एखाद्याला होतो. पेशींना कुठे थांबायचं ते सांगणारी एक खूण असते, ती हिच्या काही पेशींमध्ये नीट उमटलेली नाही. म्हणून जीभ मोठी, यकृत मोठं, मूत्रपिंडं मोठी, आणि डावा पाय उजव्यापेक्षा बोटाच्या पेराएवढा लांब. उजव्या बुटाला जाड तळ लावून घेतलाय. वरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं की मुलगी चांगली धडधाकट आहे. चौथं वर्ष नुकतंच लागलंय, पण दिसते सहा-सात वर्षांची. बागेत झोपाळ्यासाठी रडली की कुणीतरी म्हणणारच, "एवढी घोडी झाली तरी रडते!" पहिल्या पहिल्यांदा मी वय सांगायचे. मग सोडून दिलं.

खरी भीती वेगळीच होती आणि ती आम्हाला पहिल्याच महिन्यात सांगितली गेली होती. जिथे पेशी थांबायचं विसरतात, तिथे गाठ होऊ शकते. बहुतेकांना होत नाही, काहींना होते, जास्त करून मूत्रपिंडात नाहीतर यकृतात. म्हणून ती सात-आठ वर्षांची होईपर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी. आमचं वर्ष त्या तारखांनीच कापलेलं असायचं. सोनोग्राफीच्या आदल्या आठवड्यात आमचा जीव टांगणीला लागायचा, सगळं नीट आहे म्हणाले की दोन-अडीच महिने आम्ही माणसासारखे वागायचो.

मी घरगुती यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. मिक्सर, इस्त्री, पाणी तापवायचं यंत्र. कुठलं बटण आधी दाबायचं, काय करायचं नाही, असलं सगळं. हे इस्पितळातल्या समुपदेशन करणाऱ्या ताईंना कळलं आणि त्यांनी मला धरलंच.

"आमच्या नव्या आईबापांसाठी एक पुस्तिका लिहून द्या. डॉक्टर जे शब्द वापरतात ते सोप्या मराठीत. तुम्ही इस्त्रीचं एवढं सोपं करून सांगता, आमचंही सांगा की."

"इस्त्री रडत नाही हो ताई," मी म्हणाले. पण लिहायला घेतलं. गब्दू दुपारी झोपली की भांडी तशीच ठेवून बसायचे.

मॅक्रोग्लोसिया: जीभ तोंडाच्या मानाने मोठी असणे. बाळ हट्टाने जीभ बाहेर काढत नाही. त्याला टोकू नका.

हेमिहायपरप्लेशिया: अंगाची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त वाढणे. दोन्ही बाजू तुमच्याच लेकराच्या आहेत.

ताईंनी शेवटचं वाक्य खोडलं. दोन दिवसांनी फोन करून म्हणाल्या, राहू दे, असू दे ते.

लिहिता लिहिता मला त्या शब्दांचा धीर यायला लागला होता. शब्द कळला की अर्धी भीती जाते, असं मी नव्या आयांना सांगायचे, आणि तेव्हा ते मला खरं वाटायचं.

मग ती सोनोग्राफी आली. गार जेल पोटावर पडल्यावर गब्दू नेहमीसारखी खिदळली. डॉक्टरीणबाई नेहमी तिच्याशी बोलत बोलत यंत्र फिरवायच्या, आत काय दिसतंय, मासा दिसतोय का, असलं काहीबाही. त्या दिवशी बोलता बोलता थांबल्या. उजव्या बाजूला यंत्र तसंच दाबून राहिल्या, मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. दोघांनी पडद्याकडे बघत हळू आवाजात "मास" म्हटलं. तो शब्द माझ्या पुस्तिकेत होता. मीच लिहिला होता: मास म्हणजे गाठ किंवा गोळा, तो कशाचा आहे हे तपासल्याशिवाय ठरत नाही, घाबरून जाऊ नका. मी गब्दूचं पोट पुसलं, तिचा झगा खाली ओढला, तिला बूट घातले, आणि जाड तळाचा बूट डाव्या पायात घातला. तिनेच तो काढून उजव्या पायात सरकवला.

नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. फोन लागला तेव्हा मागे कुणीतरी दार बडवत होतं.

"गाठ आहे म्हणाले. उजव्या मूत्रपिंडात," मी म्हणाले.

तो म्हणाला, "लिफ्टमध्ये माणसं अडकलीत गं. त्यांना काढतो आणि येतो."

काढली त्याने माणसं. आणि आला. कपड्यांना ग्रीस तसंच, हात न धुता बाकावर माझ्याशेजारी बसला आणि गब्दूला म्हणाला, "काय मॅडम, मासा दिसला का?"

सासूबाईंना घरी येऊन सांगितलं. त्यांनी आजवर त्या गाठीच्या आजाराचं नाव कधी घेतलं नव्हतं. "ते" म्हणायच्या. "म्हणजे 'ते'च ना?" त्यांनी विचारलं. मी होय म्हणून मान हलवली. त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, आणि धुतलेल्या चादरी पुन्हा घडी घालायला लागल्या.

सर्जन चांगले होते. घाई करत नव्हते, कागदावर चित्र काढून सांगत होते. गाठ कर्करोगाची आहे, पण लहान मुलांमधली ही गाठ बहुतेक वेळा बरी होते, आणि वेळेत सापडली आहे. आधी काही आठवडे औषध, म्हणजे गाठ आकसेल. मग ऑपरेशन, गाठीसकट ते मूत्रपिंड काढायचं. एका मूत्रपिंडावर माणूस नीट जगतो. मग पुन्हा काही महिने औषध. "फक्त दोन गोष्टी," ते म्हणाले. "पोटावर दाब पडता कामा नये. गाठीवरचं आवरण फुटलं तर सगळंच अवघड होऊन बसेल. आणि तिचं खाणंपिणं सांभाळा. ऑपरेशनला ताकद लागते. फार खंगली तर मला ते पुढे ढकलावं लागेल, आणि गाठीला वेळ द्यायची माझी इच्छा नाही."

त्या दिवसापासून आम्ही तिला उचलणं बंद केलं. आधीही ती जडच होती, माझी पाठ धरायची. पण आता भीतीच बसली. खांद्यावर घ्यायला गेलं आणि पोट दाबलं गेलं तर? नवरा कामावरून आल्यावर तिला वर उडवायचा, तेही थांबलं. ती दोन्ही हात वर करून उभी राहायची आणि आम्ही तिचा हात धरून तिला खुर्चीवर बसवायचो.

तिला सांगायचं कोणी, हा प्रश्नच नव्हता. घरात असल्या गोष्टी सांगणारी मी. पुस्तिकेतसुद्धा मी लिहिलं होतं की मुलांपासून लपवू नका, त्यांना कळेल अशा भाषेत सांगा. मी तिला खिडकीपाशी बसवलं. ती समोर बसली, पाय जमिनीला टेकलेले, हात मांडीवर, डोळे माझ्याकडे. इतकी शहाण्यासारखी बसली होती की मी सांगत गेले. तुझं अंग जास्त वाढतं ना, तसंच पोटात एक गोळा वाढलाय. तो वाढू द्यायचा नाही. म्हणून औषध घ्यायचं, तो छोटा होईल. मग डॉक्टर तुला झोपवून तो काढून टाकतील. तू मोठी मुलगी आहेस, तुला कळतंय ना?

"कळतंय," ती म्हणाली.

मी तिच्याशी बोलले ती सहा-सात वर्षांच्या मुलीशी बोलावं तशी. झोपाळ्यापाशी ज्या बायकांचा मला राग यायचा, त्यांच्यासारखीच मी तिच्या उंचीशी बोलत होते.

औषध सुरू झालं. पहिल्या आठवड्यात ती ओकली, चिडचिडली, झोपली. दुसऱ्या आठवड्यात ओकणं थांबलं, पण जेवण अर्ध्यावर आलं. मग त्याच्याही अर्ध्यावर. दूध पुढे केलं की ती भांडं हळूच बाजूला सरकवायची, सांडू नये म्हणून काळजीने. उकडलेलं अंडं तिच्या जिवाभावाचं. त्याचा पिवळा बलक ती खायची आणि पांढरं बशीत ठेवायची. मग बलकही ठेवायला लागली.

मला याचंही नाव माहीत होतं. ॲनोरेक्सिया: औषधामुळे भूक मरणे. काही दिवसांत परत येते. तोंडाची चव जाते, जबडा दुखतो, पोट साफ होत नाही. ही सगळी कारणं मी सासूबाईंना एकामागून एक समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, "तुला बाई सगळ्याची नावं येतात. पोरगी भुकेली आहे गं. तिच्या पोटात आवाज होतात, मी ऐकलेत."

"आई, औषधाने होतात ते आवाज."

"असेल बाई."

आम्ही सगळे उपाय केले. नवऱ्याने बटाट्याच्या किसाचा माणूस बनवला, त्याला गाजराचं नाक लावलं, आणि त्याचा एक पाय खाऊन दाखवला. गब्दू हसली. माणूस मात्र तसाच राहिला, एका पायावर, सुकून काळा पडेपर्यंत. सासूबाईंनी भाताचा मऊ घास करून तोंडाशी धरला. गब्दूने ओठ मिटले आणि आजीच्या गालावर हात फिरवला. "तूच खा आजी. तू बारीक आहेस." त्या तो घास हातात धरून बसून राहिल्या.

तिचे गाल बसले. मनगटं दिसायला लागली. ओळखीपाळखीचे म्हणायचे, "अरे वा, आता कशी छान वयाएवढी दिसते!" मी दार लावून घ्यायचे.

सर्जनांनी औषधाच्या तिसऱ्या खेपेला स्पष्टच सांगितलं. गाठ आकसतेय, ठरल्या दिवशी ऑपरेशन करता येईल, पण हिची ताकद अशीच जात राहिली तर नाही करता येणार. पुढच्या वजनापर्यंत बघू. नाहीतर नाकातून पोटापर्यंत नळी घालून दूध द्यावं लागेल, आणि ऑपरेशन पुढे जाईल. नळी घालताना मुलं काय करतात ते मी बघितलेलं होतं. आमच्या शेजारच्या पलंगावरच्या बाळाला चौघांनी धरलं होतं.

पुढचं वजन करायला तिला घेऊन मीच गेले. उंची-वजनाची खोली लांबट आहे, भिंतीला फळी, कोपऱ्यात काटा, आणि तिथल्या सिस्टर वयस्कर, सगळ्या मुलांना राणी आणि राजा म्हणणाऱ्या. आधी उंची. गब्दू फळीशी उभी राहिली आणि तिने गुडघे वाकवले.

"सरळ उभी राहा गं राणी."

ती सरळ झाली, पण मान खांद्यांत ओढून घेतली, कासवासारखी. सिस्टर हसल्या, तिची हनुवटी वर केली. मला वाटलं, अशक्तपणाने वाकतेय. मग काटा. ती काट्यावर चढली, श्वास आत ओढला आणि धरून ठेवला. सिस्टरनी आकडा सांगितला. गेल्या वेळेपेक्षा कमी. चांगलाच कमी. सिस्टरांचा चेहरा उतरला आणि माझाही उतरला असणार. गब्दू नेहमीसारखीच आकडा ऐकल्यावर वळून माझ्याकडे बघत होती.

"कमी झालं ना?" तिने विचारलं.

"हो गं."

"मग?"

"मग काय, पिल्ला?"

"मग तू हस की."

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. मी काट्यासमोर गुडघ्यांवर बसले. आता तिचे डोळे माझ्या डोळ्यांच्या वर होते.

"तू मुद्दाम जेवत नाहीस?" मी विचारलं.

ती कुजबुजली, जणू सिस्टरांना कळू द्यायचं नव्हतं. "मी आता वाढत नाहीये. मी थांबलेय. मी थांबले की तो पण थांबेल ना. तू सांगितलंस."

मी काय काय सांगितलं होतं ते मला एकदम सगळं ऐकू आलं. आणि त्याच्याही आधीचं, जे आम्ही बोललो नव्हतो ते. जन्मल्यापासून ती या खोलीत येत होती. प्रत्येक वेळी आकडा मोठा झाला आणि प्रत्येक वेळी आमचे चेहरे पडले. ती बोलायला लागायच्या आधीच आमचे चेहरे वाचायला शिकली होती. या खेपेला तिने आमच्यासाठी आकडा लहान करून आणला होता. भुकेल्या पोटी, अंडं बाजूला सरकवून, गुपचूप. आणि तरी आमचे चेहरे पडलेलेच.

"तसं नसतं गं," मी म्हणाले. "तो गोळा वेगळा, तू वेगळी. तू खाल्लंस तर तुझी ताकद वाढते."

"आणि तो पण वाढतो."

"नाही."

"माझ्या पोटातच आहे ना तो? मी खाल्लेलं तिथेच जातं."

मला मूत्रपिंडाचं, जठराचं, रक्ताचं सगळं माहीत होतं, सोप्या मराठीत येत होतं. तिला त्यातलं काहीही नको होतं. घरी जाताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली, आणि मी तिच्या मानेकडे बघत बसले. तिची मान इतकी बारीक मी कधी बघितली नव्हती.

घरी आल्यावर मी सगळं दोघांना सांगितलं, ती आतल्या खोलीत असताना. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. नवरा म्हणाला, "मी चांगला ओरडू का तिला एकदा? डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून?" आणि स्वतःच म्हणाला, "नको. नको." मग पंख्याकडे बघत म्हणाला, "तीन वर्षांची पोरगी आहे गं ती."

ते आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण किती दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं.

मी आत गेले. ती तिच्या बाहुलीला झोपवत होती. मी खाली बसले आणि म्हणाले, "ऐक. मी चुकीचं सांगितलं. तू मोठी मुलगी नाहीस. तू लहान आहेस. लहान मुलांनी खायचं असतं."

तिने माझ्याकडे संशयाने बघितलं. "मी लहान नाहीये. मी लांब आहे."

"लांब असलीस तरी लहान आहेस."

"खोटं."

"खरंच."

"मग उचल."

मी तिथेच थांबले. पोटावर दाब नको. मग आठवलं की तान्ह्या बाळाला कसं धरतात. एक हात पाठीखाली, एक हात मांड्यांखाली, पोट वर, मोकळं. मी तसे हात घातले आणि उठले. पाठीतून कळ गेली. ती आडवी माझ्या हातांत, तिचे पाय एका बाजूला लोंबकळत, बुटाचा जाड तळ दाराच्या चौकटीला लागला. मी तिला घेऊन खोलीभर फिरले, बाहेर आले, स्वयंपाकघरात गेले. ती श्वास रोखून होती. मग तिने अंग सैल सोडलं आणि डोकं माझ्या दंडाला टेकलं. तिला उचललेलं नव्हतं त्या सगळ्या दिवसांचं वजन एकदम माझ्या हातांवर आलं.

"केळं," ती म्हणाली.

नवऱ्याने केळं सोललं, तुकडा करून तिच्या तोंडात घातला. ती मला चिकटून चावत राहिली. आमच्या तिघांच्याही चेहऱ्यांवरून तिचे डोळे फिरत होते.

मग ते तसंच ठरून गेलं. खायचं ते उचलून घेतल्यावरच, आडवं, तान्ह्यासारखं. सकाळी मी, संध्याकाळी नवरा. "आजपासून मी खरा लिफ्टवाला," तो म्हणायचा आणि कण्हत उठायचा. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या कमरेत जोर नाही, पण मांडी आहे की," आणि दुपारी मांडीवर आडवी घेऊन भरवायच्या, तिचे पाय चटईवर दूरपर्यंत पसरलेले. समोरच्या दारातली बाई एकदा आत आली आणि बघून हसली, "अगंबाई, एवढी मोठी मुलगी आणि मांडीवर!" सासूबाई घास कालवत शांतपणे म्हणाल्या, "आमची लहान आहे."

ती पोटभर खात नव्हती. पाच-सात घास खायची आणि थांबून विचारायची, "वाढले का?" आम्ही काय म्हणावं? "थोडीशी," मी म्हणायचे आणि हसायचे. ती माझं हसणं तपासून बघायची. मला मनातून भीती वाटतच होती. तिची वाढ मला आनंदाची कधी वाटलीच नाही, आताही पूर्ण वाटत नव्हती, आणि ते तिच्यापासून लपवणं हेच माझं दिवसभराचं काम होतं. काही वेळा जमायचं. काही वेळा ती दूध अर्ध्यात ठेवायची.

पुढच्या काट्याला आकडा तेवढाच राहिला. वाढला नाही, पण उतरलाही नाही. सिस्टरांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी टाळी वाजवली, मी टाळी वाजवली, नवरा दारातून ओरडला, "वा रे माझी राणी!" गब्दू काट्यावर उभी राहून आम्हा तिघांना बघत होती. आम्ही वेड्यासारखं वागतोय असं तिला वाटलं असावं. सर्जन म्हणाले, ठरल्या दिवशी करू. नळी टळली.

ऑपरेशनच्या सकाळी भूल देणारे डॉक्टर दाराशी आले. तरुण होते, हसरे. तिला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "चला मॅडम, मोठ्या आहात ना तुम्ही? चालत जायचं आपण."

तिने माझ्याकडे बघितलं आणि माझा हात सोडायला लागली. तिला चालत जाता आलं असतं.

"ती लहान आहे," मी म्हणाले. "तिला उचलून न्या. पाठीखाली हात घाला, पोटाला लागू देऊ नका."

त्यांनी तिच्या हातावरच्या पट्टीवरचं वय वाचलं. मग वाकून तिला आडवं उचललं. दार बंद झालं तेव्हा तिचा एक अनवाणी पाय त्यांच्या कोपरापलीकडे हलत होता, तो डावा, लांब असलेला.

बाहेर आम्ही तिघं बसलो. कुणी कुणाला काही समजावलं नाही. सर्जन आले, टोपी काढली, म्हणाले की गाठ अखंड निघाली, आवरण फुटलं नाही, मूत्रपिंड गेलं. दुसरं सध्या स्वच्छ दिसतंय. औषध अजून बरेच महिने, आणि सोनोग्राफी पूर्वीसारखीच, दर तीन महिन्यांनी. दुसऱ्यातही होऊ शकतं, ते त्यांनी लपवलं नाही. नवऱ्याने त्यांचा हात धरला आणि सोडलाच नाही, त्यांनाच तो हळूच सोडवून घ्यावा लागला. सासूबाई उठून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

ती उभी राहायला लागली तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरने काटा पलंगापाशीच आणला. पोटावर आडवी लांब पट्टी, त्यामुळे गब्दू वाकून उभी होती, एक हात माझ्या खांद्यावर. आकडा कमी होता. असणारच होता, तिच्यातलं एवढं काढून घेतलं होतं. सिस्टरने तो मोठ्याने सांगितला आणि गब्दूने माझ्याकडे बघितलं.

"कमी झालं?"

"हो."

"तो गेला म्हणून?"

"तो गेला म्हणून."

"मग आता मी काय करू?"

"आता तू वाढायचं," मी म्हणाले.

तिने वडिलांकडे बघितलं, आजीकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. दोन बोटं जवळ धरून, मधे थोडीशी फट ठेवून, तिने मला दाखवली.

"एवढंच वाढते हं," ती म्हणाली.

"हवं तेवढं वाढ," मी म्हणाले. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि मी तो पडू दिला नाही.